सकयल येतो

दिवेलागणीला कार्मीन खळ्यात आली तेव्हा मी बाळीला धुरी देत होते. निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग टाकलं की ती आधी नाक मुरडते आणि मग धुराकडे बघत एकदम गप्प होते. तेवढ्यात तिचं अंग शेकून घ्यायचं. कार्मीनच्या डोक्यावर कवळाचा भारा होता. थंडी सरत आली की इकडच्या बायका डोंगरउतारावर झाडांच्या फांद्या तोडायला जातात. त्या वाळवून पुढे शेतात भाजायच्या असतात. भारा एवढा मोठा होता की पानांच्या आत बाई आहे हे तिच्या पायांवरूनच कळत होतं.

"विमलबाय, तुझो भाव गावलो माका वाटेर," पानांतून आवाज आला. "ताईक सांग म्हणालो, सकयल येतंय."

"दमला होता का गं?"

"खंयचो दमता! शिट्टी मारी होतो."

भारा न उतरवताच ती गेली. कार्मीन म्हणजे कायतानची बायको. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक कुंपण आणि एक फणसाचं झाड. कुंपणाला माणूस जाईल एवढी फट दोन्हीकडच्या बायकांनी वर्षानुवर्षं जपलेली आहे. मी सदूसाठी न्हाणीतल्या हंड्याखाली दोन लाकडं सरकवली आणि बाळीला पाजायला घेतलं.

सदू, सदानंद, माझा धाकटा भाऊ. पहिलं बाळंतपण माहेरी, साताऱ्याला झालं होतं, आणि तो आम्हां दोघींना आंबेखोलला पोचवायला आला होता. गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या थंडीतली ही गोष्ट. सदू तेव्हा कचेरीत नुकताच लागला होता, आणि रविवार आला की पाठीला पिशवी बांधून मित्रांबरोबर कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर जायचा. आमच्या वाडीच्या डोक्यावरही एक गड आहे. त्याला मोठं नाव आहे, पण इथे त्याला सगळे नुसतं 'गड' म्हणतात, आणि वर देवीच्या जत्रेशिवाय कोणी जात नाही. एस.टी.तून उतरल्यावर सदूनं ट्रंक खाली ठेवली, भाचीची दुपटी माझ्या खांद्यावर टाकली आणि मान वर करून उभाच राहिला. तेव्हाच मला कळलं की हा वर गेल्याशिवाय परत जाणार नाही.

जायच्या आदल्या रात्री जेवताना सासूबाईंनी त्याला माझी जुनी गोष्ट सांगितली. ती प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाते. नवी नवरी म्हणून मी या घरात आले त्या आठवड्यात मी माळ्यावर होते आणि त्या खाली चुलीपाशी. त्यांनी हाक मारली, "विमल, तांदळाची पायली सकयल हाड गो." मला वाटलं, तांदूळ सकाळी हवेत. मी रिकाम्या हातानं खाली आले आणि पाटावर बसले. आधण उकळतंय, पुरुष पानांवर बसलेत, आणि मी सांगतेय, "आणते की सकाळी!" इकडे सकयल म्हणजे खाली, हे मला त्या दिवशी कळलं. इकडे नवरीला व्हकाल म्हणतात. तेव्हापासून मी अख्ख्या वाडीत 'सकाळची व्हकाल'.

सदू हसून हसून पाणी प्यायला. "सकयल, सकयल," असं घोकत राहिला. यांना म्हणाला, "भावजी, आमच्या ताईला तुम्ही मराठी शिकवायची सोडून भलतंच काय शिकवलंत?"

"मी शाळेत शिकवतो," हे म्हणाले. "घरात आईची शाळा."

दुसऱ्या दिवशी उजाडता तो निघाला. भाकरी, चटणी, माझी जुनी शाल आणि रिकामी बाटली. पाणी ओढ्यावर भरून घेतो म्हणाला. यांनी बजावलं, संध्याकाळच्या आत ये. तो "येतो" म्हणाला आणि बाळीच्या तळपायाला बोट लावून गेला.

हंड्यातलं पाणी उकळून निम्मं झालं तरी तो आला नाही.

हे खळ्यात जाऊन उभे राहिले, मग कुंपणाच्या फटीतून कायतानकडे गेले. कायतानकडे ठासणीची बंदूक आहे, रानडुकरांसाठी परवान्याची, त्यामुळे रान त्याच्याइतकं पायाखालचं कुणालाच नाही. कार्मीननं पुन्हा सांगितलं: दोन वाटा फुटतात तिथे तो तिला भेटला, आणि सकयल येतंय म्हणाला. तिथून एक वाट वर गडाला जाते, दुसरी खाली वाडीत उतरते, आणि उतरताना डाव्या हाताला खोल आहे. खोल म्हणजे दाट झाडीची घळ. खाली ओढा, मधे शेवाळलेले धोंडे. माणूस खाली यायला निघाला आणि पोचला नाही, तर तो खोलातच उतरला असणार. यात शंका घ्यायला कुणाला जागाच दिसली नाही. मलाही नाही. माणसं चुडी पेटवून खोलात शिरली आणि उजाडल्यावर तशीच परत आली.

दिवसभर शोध चालला. वाडीतले बहुतेक पुरुष गेले होते. मी घरात होते. खोलातून कुकारे ऐकू येत: रानात माणसाला नावानं हाक मारत नाहीत इकडे, नुसता लांब "कूऽऽ" घालतात. एकानं घातला की दुसरा उत्तर देतो, त्यावरून कोण कुठे आहे ते कळतं. मी प्रत्येक कुकाऱ्याला मोजत नव्हते, पण कान तिकडेच होते. सगळे आवाज एकाच जातीचे. साताऱ्याचा एकही नाही.

बाळी किरकिर करत होती. दूध येईना. तिला छातीशी धरलं की ती दोनदा ओढायची आणि मान फिरवून रडायची. सासूबाईंनी माझ्यापुढे पेजेचा वाडगा ठेवला, मी तो संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या आणि मग बाळीला उचलून घेऊन गेल्या. माजघरातून त्यांचा आवाज येत होता. "मामा येतलो हां गो तुझो. मामाक काय सांगशीत? मामा, खंय होतंस रे?" त्या तिला खेळवत होत्या. मला वाटलं, नको, तिच्याशी दुसरं काहीतरी बोला.

उन्हं कलली तेव्हा माणसं वर आली. खळ्यात बसली, पाणी प्यायली. यांच्या धोतराला काटे, कोपरावर खरचटलेलं. कायतान म्हणाला, "ओढ्याच्या कडेक बुटाचो ठसो गावलो. हय बूट घालता कोण? तोच. म्हणजे हयसरच आसा. उद्या कोंडीत दोर सोडून बघतलंव."

कोंड म्हणजे ओढ्यातला खोल डोह. दोर कशासाठी सोडतात ते कुणी सांगितलं नाही.

कार्मीनही आली होती. ती फणसाखाली उभी होती, आत येत नव्हती. बाबली म्हणून एक म्हातारा आहे, तो तिच्याकडे न बघता मोठ्यानं म्हणाला, "बाईमाणसान तेका सांगाती आणूचो होतो. नवो माणूस, काळोख पडता. आपलो भारो घेतल्यान आणि चल्ली!"

"माका काय म्हायत?" कार्मीन म्हणाली. "डोक्यार वजा. तो म्हणालो येतंय. माका वाटला माझ्या मागसून येता."

"मागे बघूक मान नाय तुका?"

"भाऱ्याखाली मान फिरवन दाखव तू!"

"पुरे," कायतान बायकोला म्हणाला, आणि मग बाबलीकडे वळून, "तूय पुरे."

मी उठून फणसापाशी गेले. तिला दोष द्यायचा म्हणून नव्हे. सदूला शेवटचं तिनं पाहिलं होतं, म्हणून मला पुन्हा ऐकायचं होतं.

"कार्मीन, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत सांग."

"सांगलंय मां. ताईक सांग, सकयल येतंय."

"तो 'येतंय' म्हणाला?"

"येतो म्हणालो," ती गोंधळली. "तुमच्यावरी. येतो."

"आणि 'ताईक'?"

"ताईला. ताईला सांगा." ती आता डोळे मिटून बोलत होती. "ताईला सांगा, सकयल येतो."

तिच्या तोंडून त्याची मराठी ऐकताना मला कसंतरी झालं. आणि त्यातला एकच शब्द त्याचा नव्हता. बाकी सगळं साताऱ्याचं, आणि मधे तेवढा एक शब्द इथला, भाकरीत खडा लागावा तसा.

"सकयल की सकाळी?"

तिनं डोळे उघडले. "सकाळी म्हटल्यार फाल्यां सकाळी म्हणतत मां? तो फाल्यां म्हणालो नाय. उद्याव म्हणालो नाय."

"फाल्यां, उद्या, असं आम्ही नाही म्हणत. आम्ही नुसतं सकाळी येतो म्हणतो."

कार्मीननं तोंडावर हात ठेवला. "पानां वाजत होती गो कानाशी," ती हळूच म्हणाली. "सायबा! पानां वाजत होती."

मी यांच्याकडे आले आणि सांगितलं: तो खाली आलाच नाही. तो वर गेला. रात्र वर देवळात काढून सकाळी उतरणार होता.

माझ्याशी हे पुस्तकी मराठीत बोलतात, थकले असले तरी. "विमल, परवा जेवताना तो तो शब्द घोकत होता. सकयल, सकयल. तुझ्यासमोर. गंमत म्हणून तसं म्हणाला असेल. कार्मीनला आपण मालवणी बोलून दाखवावं म्हणून."

हे मला सुचलं नव्हतं. तो अगदी तसाच आहे. पहिल्या ओळखीच्या माणसापुढेसुद्धा चेष्टा करील.

"आणि बुटाचा ठसा?" यांनीच विचारलं.

"बाटली रिकामी नेली होती त्यानं. ओढ्यावर भरणार होता. जातानाचा असेल."

"असेल," हे म्हणाले. "दोन्ही असेल. पण खोल सोडून सगळे वर गेलो आणि तो इथेच कुठे पडलेला असला तर? एक रात्र झाली. दुसरी..."

आतून बाळी रडायला लागली, आणि सासूबाई तिला घेऊन पडवीत आल्या. मी हात पुढे केले. ती माझ्याकडे आली आणि केस ओढायला लागली. मला वाटतं, तिच्या त्या मुठीमुळेच मी जराशी सावध झाले. एरवी मी यांचं ऐकून गप्प बसले असते.

"त्यानं निरोप का पाठवला?" मी म्हटलं.

"म्हणजे?"

"कार्मीनच्या मागोमागच यायचं होतं, तर ताईला सांगा कशाला? ती खळ्यात पोचली असती आणि तोही पोचला असता. येत नसलं तरच माणूस निरोप देतो. मी वाट बघीन, पाणी तापवीन, म्हणून त्यानं सांगितलं."

बाबलीनं विडी विझवली.

कायतान उठून बंदूक भिंतीला टेकवली होती तिकडे गेला. "खरा आसा," तो म्हणाला. "वांगडा येवचो माणूस निरोप धाडणा नाय. मास्तरांनु, तुमची व्हकाल सकाळ विसराक नाय हां अजून."

कुणीतरी हसलं. मला त्याचा राग आला नाही.

कायतान, हे आणि दोघं तरणे असे चौघं जण वर जायचं ठरलं. बाकीच्यांच्या पायात त्राण नव्हतं, म्हणजे खोलात त्या रात्री कोणीच राहणार नव्हतं. ते मला कळत होतं. सासूबाईंनी चादर, गूळ आणि दोर बांधून दिला. कायतान निघताना मी त्याला कुंपणापाशी गाठलं.

"कसं कळेल मला?"

"गावलो काय बार काढतंय. वयरसून हय आयकाक येता."

"आणि..." मी विचारलं, "कसाही असला तरी?"

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "बार जित्या माणसाक काढतत, बाय. नायतर आमी गप सकयल येतलंव."

ती रात्र गेली. तिच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. बाळी झोपली, मी झोपले नाही.

पहाटे डोंगरावरून गार वारा खाली येतो. दुपारी समुद्राकडचा वारा डोंगर चढतो, पहाटे तोच उलटा फिरतो. मी पडवीत बाळीला मांडीवर घेऊन बसले होते. दूध नव्हतंच, तरी तिला जवळ धरलं होतं; तेवढ्यानं ती थोडी गप्प होती. गडाची कड हळूहळू दिसायला लागली. सासूबाई सडा घालत होत्या. कुंपणापलीकडे कार्मीनच्या घरात चूल पेटलेली नव्हती. ती दारात उभी होती, माझ्यासारखीच वर बघत.

उजेड चांगलाच पसरला. कोंबडी खळ्यात उतरली. अजून काही नाही. मला गप्प उतरणारी चार माणसं दिसायला लागली, वाटेवर कोणी नसताना. मी तिकडे बघायचं बंद केलं आणि बाळीच्या कानामागे तेल राहिलं होतं ते पदरानं पुसत बसले.

आणि बार निघाला.

बाळी दचकली, दोन्ही हात पसरून कळवळून रडली. आवाज डोंगराला आपटून पुन्हा आला. सासूबाईंच्या हातातला तांब्या पडला. कार्मीन काहीतरी ओरडली, नंतर तिनं छातीवर क्रुसाची खूण केली. मी काहीच केलं नाही. बाळीच्या रडण्याबरोबर माझी चोळी एकदम भिजली, पुढचं सगळं भिजलं, आणि ती रडता रडताच चोखायला लागली, घाईनं, गुदमरत, जणू दोन दिवसांचं एकदाच वसूल करायचं होतं. मी तशीच बसून राहिले. तिच्या डोक्यावर माझ्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं, आणि तिला त्याचं काही नव्हतं.

दुपारी त्याला झोळीत घालून आणलं. उजवा पाय काठ्यांत बांधलेला, ओठ फुटलेले, शाल चिंध्या झालेली.

घडलं होतं ते असं. पहिल्या दिवशी त्याला गडाची वाट लवकर सापडलीच नाही. दिवसभर भलत्याच धारेवर हिंडला आणि दोन वाटांपाशी पोचला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. वाट सापडली या आनंदात तो शिट्टी मारत होता. कार्मीन दिसली, तिला म्हणाला, वर देवळात राहतो, ताईला सांगा, सकाळी येतो. पहिला भाग तिनं ऐकलाच नव्हता; तेव्हा ती अजून लांब होती आणि तिच्या कानाशी पानं वाजत होती. सकाळी धुकं होतं. पडक्या दरवाजाऐवजी तो शेजारच्या खिंडाराकडून उतरला, दगड सुटला, आणि तो खाली एका कपारीत जाऊन पडला. तिथून वर जाता येईना, खाली जाता येईना.

"तुमचे कुकारे मला ऐकू येत होते," तो झोळीतून यांना म्हणाला. "दिवसभर. अगदी स्पष्ट. भावजी, मी उत्तर देत होतो. घसा बसेपर्यंत देत होतो. तुम्ही खालीच जात होता."

वारा खालून वर जात होता, म्हणून त्यांचे आवाज त्याच्याकडे चढत होते, त्याचे उतरत नव्हते. पहाटे वारा फिरला तेव्हा कायतानला वरून काहीतरी ऐकू आलं. त्याला वाटलं भेकर. मग ते भेकर खोकलं.

सावंतवाडीच्या इस्पितळात त्याचा पाय जोडला. नीट जुळला नाही. तो आता किंचित लंगडत चालतो, आणि रविवारी घरी असतो. आई लिहिते की त्याला सपाट जमिनीची सवय होतेय. ते वाचून मला बरं वाटलं नाही, पण तो आहे.

कार्मीन त्यानंतर आमच्याकडे येईना. कुंपणाच्या फटीत पालापाचोळा साठला. एक दिवस मीच बाळीला कडेवर घेऊन पलीकडे गेले. ती वाळलेल्या कवळाच्या काटक्या वेगळ्या करत बसली होती.

"बस," ती म्हणाली. मग मान खाली घालून, "माझ्यामुळे तेचो एक दिस गेलो. रात गेली. पाय गेलो."

"ताईला सांगा," मी म्हटलं.

"काय?"

"ते तू सांगितलंस. तेवढं गाळलं असतंस, नुसतं 'तुझा भाऊ खाली येतोय' म्हटलं असतंस, तर मला कधीच कळलं नसतं. अजून कोंडीत दोर सोडून बसलो असतो."

"निरोपातला गाळतत काय?" ती जवळजवळ रागावूनच म्हणाली. "कोणी सांगाक दिल्यान तर सगळा सांगूचा. ता आपला नसता."

बाळीनं एक वाळकी काटकी पकडली आणि तोंडात घालायला लागली. कार्मीननं ती तिच्या मुठीतून सोडवली, तिला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि तिचे पाय चोळत बसली. मी उठले तेव्हा तिनं बाळीला लगेच दिलं नाही.

"हिका तेल लावूक मी येतंय," ती म्हणाली. "फाल्यां." जरा थांबून तिनं एक बोट वर केलं, फणसाच्या शेंड्याकडे, सूर्य जिथून वर येतो तिथे. "सकाळी. समाजलंस मां? सकाळी."